न्यू सेलमचा दुकानदार

अब्राहम लिंकन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. रानातली ओंडक्यांची झोपडी, चुलीच्या उजेडात पुस्तक धरून बसलेला पोरगा. आणि मग एकदम ती उंच काळी टोपी, ती दाढी, गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा आणि नाटकगृहातली ती गोळी. मराठी घरांत आणखी एका गोष्टीने लिंकन शिरला आहे. मुलाच्या हेडमास्तरांना त्याने लिहिलेले म्हणून सांगतात ते पत्र. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते शाळाशाळांच्या भिंतींवर जाऊन बसले. लिंकनच्या कागदपत्रांत तसले पत्र सापडत नाही, ही गोष्ट वेगळी. भिंतीवरचा कागद आता कोण उतरवणार?

पण झोपडी आणि टोपी यांच्या मध्ये जी दहा-अकरा वर्षे गेली, त्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १८३१ ते १८४२ या काळात हा गृहस्थ करीत काय होता? तर प्रथम तो वाणसामानाच्या दुकानात नोकर होता, मग भागीदारीत दुकानाचा मालक झाला, मग ते दुकान बुडाले, आणि पुढची आठ वर्षे तो इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात आमदार होता. आज ज्याला अमेरिकेचा मध्य-पश्चिम भाग म्हणतात, तो त्या काळी नुसता पश्चिमच होता. गवताळ मैदाने, मलेरियाचा ताप आणि पैशाची सदैव चणचण. आपल्याकडे दिवाळीला वह्यांची पूजा होते. तेव्हा एका न जमलेल्या जमाखर्चाची हकीकत या दिवसांत सांगितली, तर ती अगदीच अस्थानी होणार नाही.

न्यू सेलम हे गाव सँगमन नदीच्या काठी एका उंचवट्यावर होते. जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरन या दोघांनी नदीला बांध घालून पाणचक्की उभी केली आणि १८२९ मध्ये चक्कीच्या आधाराने गाव वसवले. गाव कसले, वाडीच. ते भरात असतानाही तिथे पंचवीसएक कुटुंबांहून अधिक वस्ती झाली नाही. १८३१ च्या एप्रिलात लिंकन, त्याचा सावत्र भाऊ आणि एक नातलग असे तिघे सपाट बुडाच्या नावेतून न्यू ऑर्लिन्सकडे माल घेऊन चालले होते. नाव रटलेजच्या बांधावर येऊन अडकली. पुढचे टोक हवेत, मागच्या बाजूला पाणी भरत चाललेले. गावकरी काठावर गोळा होऊन फुकटचे सल्ले देऊ लागले. बावीस वर्षांच्या त्या लांबलचक पोराने माल उतरवायला लावला, हवेत लोंबणाऱ्या टोकाला गिरमिटाने भोक पाडले, आतले पाणी पुढे घेऊन त्यातून बाहेर सोडले, भोक बुजवले आणि नाव बांधावरून पार नेली. मालाचा धनी डेंटन ऑफट हा तिथेच खूष झाला. आपण या गावात दुकान काढू आणि हा पोरगा गल्ल्यावर बसवू, असे त्याने ठरवले. पगार महिना १५ डॉलर आणि रात्री दुकानातच झोपायची सोय.

ऑफट हा मोठा बोलघेवडा माणूस. त्याच्या डोक्यात एका वेळी दहा धंदे असत आणि हातात एकही धड नसे. वर्षाच्या आतच त्याचे दुकान बसले आणि तो परागंदा झाला. मात्र तेवढ्या काळात लिंकनने एक कमाई केली. शेजारच्या क्लॅरीज ग्रोव्ह वस्तीतली दांडगट पोरे, आणि त्यांचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग, याच्याशी त्याची कुस्ती झाली. कोण जिंकले याबद्दल पाहणाऱ्यांनी इतक्या तऱ्हा सांगितल्या आहेत की निकाल लावणे कठीण. पण त्या दिवसापासून ती सारी टोळी त्याची झाली, आणि पुढे मतदानाच्या दिवशी तिचा उपयोग कुस्तीहून अधिक झाला. शाळेच्या पुस्तकातली ती प्रसिद्ध गोष्ट, गिऱ्हाइकाकडून चुकून जास्त घेतलेले काही सेंट परत करायला मैलोगणती चालत गेल्याची, ती याच नोकरीतली म्हणून सांगतात.

नोकरी डळमळू लागली तेव्हा या पोराने काय करावे? त्याने विधिमंडळाच्या निवडणुकीला उभे राहायचे ठरवले! १८३२ च्या मार्चात स्प्रिंगफील्डच्या ‘सँगमो जर्नल’ पत्रात त्याने आपले निवेदन छापून आणले. सँगमन नदी साफ करून तिच्यातून आगबोटी चालाव्यात, सावकारी व्याजाला मर्यादा असावी, शिक्षण वाढावे, अशी त्यातली मागणी होती. नदीचा मुद्दा हवेतला नव्हता. त्याच वसंतात ‘टॅलिस्मन’ नावाची आगबोट खरोखरच स्प्रिंगफील्डजवळ येऊन पोचली. पण पाणी उतरू लागले तशी बोट घाईघाईने परत न्यावी लागली. परतीच्या वाटेवर सुकाणूला लिंकन होता, आणि न्यू सेलमचा बांध काही ठिकाणी फोडून बोट बाहेर काढावी लागली. या कामाचे त्याला ४० डॉलर मिळाले. सँगमनवरच्या आगबोटींचे स्वप्न तिथेच संपले. लिंकनच्या डोक्यातून मात्र ते गेले नाही, हे पुढे दिसेलच.

मध्येच ब्लॅक हॉक या इंडियन नायकाविरुद्ध लढाई सुरू झाली आणि लिंकन स्वयंसेवक म्हणून तीन महिने तिकडे गेला. तुकडीने त्याला कप्तान निवडले. लढाई अशी त्याने पाहिलीच नाही. आपण रक्त सांडले ते डासांपायी, असे तो पुढे थट्टेने सांगे. परत आला तो निवडणूक तोंडावर आलेली. मतदान त्या वेळी गुप्त नसे, मतदार अधिकाऱ्यापुढे उभा राहून नावे मोठ्याने सांगे. १३ उमेदवारांत लिंकन आठवा आला, जागा चारच होत्या. पण न्यू सेलमच्या केंद्रावर सुमारे ३०० पैकी २७७ मते त्याची होती. घरच्या माणसांनी साथ दिली, परक्यांना तो ठाऊकच नव्हता.

आता पोटाचे काय? गावात हर्नडन बंधूंचे दुकान होते. एका भावाने आपला हिस्सा विल्यम बेरी या तरुणाला विकला, दुसऱ्याने आपला लिंकनला. लिंकनजवळ छदाम नव्हता. व्यवहार सगळा वचनचिठ्ठीवर झाला. इथे त्या काळचा प्रकार थोडा समजून घेतला पाहिजे. त्या सरहद्दीवर नाणे दिसायचे क्वचित. गिऱ्हाईक कातडी, मध, मेण, अंडी, मका घेऊन यायचे आणि बदल्यात चहा, साखर, मीठ, कापड, बंदुकीची दारू घेऊन जायचे. बाकीचा कारभार चिठ्ठ्यांवर. अ ने ब ला लिहून दिलेली चिठ्ठी ब पुढे क ला देई. आपल्याकडे हुंडी पाठीवर सही होऊन पुढे सरकत असे, त्याच जातीचा हा व्यवहार. ओळखीच्या, सांभाळून घेणाऱ्या माणसाला लिहून दिलेला कागद फिरत फिरत एखाद्या अनोळखी, निर्दय सावकाराच्या हाती केव्हा पडेल, याचा नेम नसे.

त्यात आणखी भर पडली. रूबेन रॅडफर्ड नावाच्या दुकानदाराच्या दुकानात क्लॅरीज ग्रोव्हच्या पोरांनी दारू पिऊन रात्री धुमाकूळ घातला आणि सामानाची नासधूस केली. रॅडफर्ड इतका वैतागला की पडेल त्या किमतीला दुकान विकायला निघाला. बिल ग्रीन नावाच्या एका विशीतल्या पोराने ते ४०० डॉलरच्या बोलीवर घेतले आणि लगोलग बेरी-लिंकन जोडीला ७५० डॉलरला विकले. पोरगा साडेतीनशेचा नफा मारून मोकळा झाला. विकणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत दुकानदार कोण होता, हे वाचकांनीच ठरवावे.

भागीदार तर असे की विधात्याने निवडून एकत्र आणावे. बेरी हा धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याला पिंपातल्या व्हिस्कीची गोडी. लिंकनला पुस्तकांची. एक मागच्या खोलीत, दुसरा दारातल्या झाडाच्या सावलीत, सावली फिरेल तसा फिरणारा. एका वाटसरूकडून अर्ध्या डॉलरला अडगळीचे पिंप विकत घेतले आणि त्याच्या तळाशी ब्लॅकस्टनचे कायद्यावरचे भाष्य सापडले, अशी एक कथा आहे. दुसऱ्या हकीकतीप्रमाणे ती पुस्तके त्याने स्प्रिंगफील्डच्या लिलावात घेतली. मला लिलावच खरा वाटतो; पिंपाची कथा फारच सोयीची आहे.

१८३३ च्या मार्चात दुकानाच्या नावाने खाणावळीचा परवाना निघाला. त्याबरोबर ठरवून दिलेले दर आजही वाचायला मिळतात. व्हिस्की अर्धा पाइंट साडेबारा सेंट, जेवण २५ सेंट, रात्रीचा मुक्काम साडेबारा सेंट, घोड्याची रात्र २५ सेंट. म्हणजे माणसापेक्षा घोडा महाग. परवान्याच्या हमीपत्रावर लिंकनचे नाव आहे, पण सही त्याच्या हातची नाही. हा बारीकसा तपशील पंचवीस वर्षांनी उपयोगी पडला. १८५८ च्या ऑगस्टात ओटावा गावी स्टीफन डग्लसशी झालेल्या जाहीर वादात डग्लसने त्याला ‘ग्रोसरी’ चालवणारा म्हणून चिमटा काढला. त्या भागात त्या शब्दाचा अर्थ किराणा नव्हे, दारूचा गुत्ता असा होता. लिंकनने उत्तर दिले की आपण जगात कुठेही गुत्ता चालवला नाही. फार तर एका हिवाळ्यात दारूच्या भट्टीवर थोडे दिवस काम केले आहे. सभा खदखदून हसली.

दुकान मात्र चालले नाही. ते भडकून पेटले नाही की कोसळले नाही, तेल संपलेल्या दिव्यासारखे विझले. मागे उरल्या त्या चिठ्ठ्या. गावाच्या मित्रांनी खटपट करून लिंकनला पोस्टमास्तर केले. पत्राचे हशील घेणाऱ्याने द्यायचे असे आणि ते कागदांच्या संख्येवर व अंतरावर ठरे. लिंकन पत्रे टोपीत घालून लोकांच्या घरी नेऊन देई आणि आलेली वर्तमानपत्रे आधी स्वतः वाचून काढी. पुढे जिल्ह्याचा मोजणी अधिकारी जॉन कॅल्हून याने, स्वतः विरुद्ध पक्षाचा असूनही, त्याला दुय्यम मोजणीदार नेमले. लिंकनला मोजणीचे ओ की ठो माहीत नव्हते. त्याने दोन पुस्तके पुढे घेऊन विद्या शिकून घेतली आणि घोडा, होकायंत्र व साखळी विकत घेतली. अर्थातच उधारीवर.

या पायपिटीने एक काम आपोआप झाले. १८३२ मध्ये ज्याला परके ओळखत नव्हते, त्याला आता सँगमन जिल्ह्यातली शेते आणि त्यांचे मालक नावानिशी माहीत झाले. १८३४ च्या ऑगस्टात तो पुन्हा उभा राहिला आणि १,३७६ मते घेऊन दुसऱ्या क्रमांकाने निवडून आला. पहिल्याला त्याच्याहून फक्त १४ मते अधिक होती.

आणि याच सुमारास सावकाराने वार केला. पीटर व्हॅन बर्गन याच्या हाती एक चिठ्ठी आली होती. त्याने फिर्याद केली, हुकूमनामा मिळवला आणि लिंकनचे घोडे, खोगीर व मोजणीची हत्यारे जप्त करवली. नव्या आमदाराच्या भाकरीचे साधनच लिलावात निघाले. लिंकन लिलावाला गेलासुद्धा नाही, इतका खचला होता. गावाबाहेर राहणारा जेम्स शॉर्ट हा शेतकरी मात्र गेला. त्याने १२० डॉलरची बोली देऊन सगळे सामान सोडवले आणि लिंकनच्या हवाली केले.

राजधानी व्हँडेलियाला जायचे तर अंगावर धड कपडे हवेत. लिंकन कोलमन स्मूट नावाच्या सधन शेतकऱ्याकडे गेला आणि, ‘तुम्ही मला मत दिलेत ना, मग आता मी शोभेसा दिसण्याची काळजीही तुम्हीच घ्या,’ अशा थाटात त्याच्याकडून २०० डॉलर उसने घेतले. त्यांतल्या ६० डॉलरचा सूट शिवला. आयुष्यातला पहिला बरा पोशाख, तोही कर्जाचा. मतदाराने आमदाराला पैसे उसने द्यावेत, हा व्यवहार तेव्हाही विरळाच असणार.

व्हँडेलिया हे आठशे-हजार वस्तीचे चिखलाचे गाव. विधिमंडळाची इमारत अशी की सभासद बोलत असताना छताचा गिलावा खाली पडे. भत्ता दिवसाला ३ डॉलर. पहिल्या अधिवेशनात लिंकन बहुतेक गप्प होता. सॉल्ट क्रीक या ओढ्यावर एका माणसाला टोल घेऊन पूल बांधू द्यावा, असली लहानसहान विधेयके त्याने आणली. एकदा मात्र त्याने सभागृह हसवले. एका जिल्ह्याचा मोजणीदार मेला असे समजून त्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली, आणि मागून कळले की जुना जिवंत आहे! आता नेमणूक रद्द कशी करायची यावर काथ्याकूट सुरू झाला. लिंकन म्हणाला, ती तशीच राहू द्या. जुन्या गृहस्थाने मरायचे मनावर घेतले तर नवा तयार सापडेल, आणि तो न मरण्याचा हट्ट धरून बसला तर नव्याने त्याला त्रास देण्याचे कारण नाही. तो हे बोलला त्याच आठवड्यात, १० जानेवारी १८३५ रोजी, न्यू सेलममध्ये बेरी मेला. भागीदारीच्या कायद्याप्रमाणे त्याच्या वाट्याचे कर्जही लिंकनच्या गळ्यात पडले. सगळे मिळून ते सुमारे ११०० डॉलर होते, असे परंपरेने सांगतात. लिंकन त्याला ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणू लागला.

असला कर्जदार त्या मुलखात काय करी? रात्री घोड्यावर खोगीर टाकी आणि मिसिसिपीच्या पलीकडे निघून जाई. कोणी फारसे नावही ठेवीत नसे. लिंकन गेला नाही. त्याने सावकारांना एकेक गाठून सांगितले की दम धरा, मिळेल तसे देईन. त्याचा पुढचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने लिहून ठेवले आहे की वॉशिंग्टनला काँग्रेसचा सभासद असताना मिळणाऱ्या पगारातूनही तो या जुन्या दुकानाची बाकी फेडीत होता. म्हणजे १८४८ च्या सुमारापर्यंत. दुकान चालले दहा-बारा महिने, त्याची फेड चालली पंधराएक वर्षे.

स्वतःच्या कर्जाशी असा वागणारा हा माणूस राज्याच्या तिजोरीशी कसा वागला? इथे आमचे चरित्रकार जरा घाईने पान उलटतात.

१८३६ च्या निवडणुकीत सँगमन जिल्ह्यातून सात प्रतिनिधी आणि दोन सिनेटर गेले. नऊच्या नऊ जण ताडमाड उंच. सगळ्यांची उंची मिळून ५४ फूट भरते असे लोक म्हणत, आणि त्यांचे नावच पडले ‘लांब नऊ’. त्यांत सर्वांत लांब लिंकन. वय २७, आणि आपल्या व्हिग पक्षाचा सभागृहातला पुढारी. व्हिग म्हणजे बँका, रस्ते, कालवे यांवर श्रद्धा असलेला पक्ष. पूर्वेकडे न्यूयॉर्कचा गव्हर्नर डीविट क्लिंटन याने ईरी कालवा खणून राज्याची भरभराट केली होती. आपण इलिनॉयचे डीविट क्लिंटन व्हावे, अशी महत्त्वाकांक्षा लिंकनने एका मित्रापाशी बोलून दाखवली होती. ‘टॅलिस्मन’ अजून डोक्यात वाफ सोडीत होती.

२७ फेब्रुवारी १८३७ ला विधिमंडळाने जो कायदा मंजूर केला, तो वाचून आजही गरगरते. एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च, तो सगळा कर्जरोखे विकून उभारायचा. सुमारे १,३०० मैल रेल्वे. नद्या साफ करायला चार लाख. आणि ज्या जिल्ह्यांच्या वाट्याला रेल्वे की कालवा काहीच येत नव्हते त्यांची तोंडे बंद करायला दोन लाख रोख. राज्याची वस्ती पुढे १८४० च्या शिरगणतीतही पावणेपाच लाखच भरली. कोणाला मागे राहिल्याचे वाईट वाटू नये म्हणून काम सगळ्या मार्गांवर, मोठी गावे आणि नद्यांची पात्रे यांपासून दोन्ही दिशांना, एकाच वेळी सुरू करायचे होते. दहा घरे एकदम बांधायला काढून एकावरही छप्पर न चढवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. गव्हर्नर जोसेफ डंकन विरोधात होता. तो विरोध बाजूला सारून कायदा झाला, आणि लिंकनचे मत त्याच्या बाजूने होते.

दुसऱ्याच दिवशी राजधानी कोठे हलवायची याचे मतदान झाले आणि चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्ड ७३ मतांनी निवडले गेले. स्प्रिंगफील्ड म्हणजे लांब नवांचे गाव. त्यांनी रेल्वेला मते देऊन राजधानीला मते घेतली, असा आरोप पुढे थॉमस फोर्ड या गव्हर्नरने आपल्या इतिहासग्रंथात केला. सौदा ठरवून झाला की नुसता मेळ बसला, यावर विद्वान भांडतात. दुकानदारीत जो फसला तो इथे फसला नाही, एवढे मात्र दिसते.

त्याच अधिवेशनातली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गुलामगिरीच्या विरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींचा निषेध करणारा ठराव जानेवारीत ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला होता. त्या सहांत लिंकन होता. राजधानीचे काम हातावेगळे झाल्यावर, ३ मार्चला, त्याने आणि डॅन स्टोन या सहकाऱ्याने आपला लेखी विरोध कामकाजात नोंदवून घेतला: गुलामगिरी ही अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे. चळवळ्यांच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतातच, हेही त्याच कागदात आहे. पुढचा मुक्तिदाता तिथे पुरता दिसत नाही. तोवर गोऱ्यांपुरताच मताधिकार मागणारा तो आमदार होता. पण सही करायला सहांपैकी दोघेच उरले, आणि त्यांतला एक हा होता.

एप्रिलात तो न्यू सेलम सोडून स्प्रिंगफील्डला आला. वकिलीची सनद हातात, घोडा उसना, सामान दोन पिशव्यांत. जोशुआ स्पीड याच्या दुकानात जाऊन त्याने गादी-अंथरुणाचा भाव विचारला. १७ डॉलर. नाताळपर्यंत उधार ठेवाल का, माझी वकिली चालली तर देईन, न चालली तर कदाचित कधीच देता येणार नाही, असे तो म्हणाला. इतका उदास चेहरा आपण कधी पाहिला नव्हता, असे स्पीड पुढे सांगे. माझ्या माडीवर मोठा पलंग आहे, तोच वाटून घे, असे त्याने सुचवले. लिंकन जिना चढला, पिशव्या टाकल्या आणि हसत खाली येऊन म्हणाला, झाले माझे बिऱ्हाड! एका दुकानाने त्याला बुडवले, दुसऱ्याने आसरा दिला.

महिनाभरातच, १८३७ च्या मे महिन्यात, साऱ्या देशात बँका कोलमडल्या आणि मंदी आली. रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना. शहाण्याने इथे हात आखडला असता. लिंकनचे म्हणणे असे की आता आपण इतके पुढे गेलो आहोत की मागे फिरणे म्हणजे बेअब्रू आणि नुकसान दोन्ही. १८३९ च्या जानेवारीत त्याने तोड सुचवली. राज्यातली केंद्र सरकारच्या मालकीची दोन कोटी एकर जमीन एकरी २५ सेंटांनी घाऊक घ्यावी आणि सव्वा डॉलरने किरकोळ विकावी! हिशेब कागदावर फक्कड होता. न्यू सेलमच्या गल्ल्यावरचाच हा हिशेब, फक्त पुढची शून्ये वाढलेली. केंद्र सरकारने काही ती जमीन दिली नाही.

मात्र एका बाबतीत तो इतरांहून वेगळा राहिला. कर्ज काढताना हात वर करणारे पुष्कळ होते, कर बसवायची वेळ येताच त्यांची बोटे आखडली. लिंकनने जमिनीवर तिच्या किमतीप्रमाणे कर बसवण्याचा पक्ष घेतला. त्याने एका पत्रात लिहिले की यात बोजा गरीब बहुसंख्यांवर न पडता श्रीमंत थोड्यांवर पडतो. आणि तरी त्यांची ओरड झालीच, तर निवडणूक जिंकण्याइतके ते संख्येने नाहीत. हे दुसरे वाक्य लिहिणारा माणूस राजकारणात मुरला होता यात शंका नाही. स्प्रिंगफील्डने नव्या सभागृहासाठी ५०,००० डॉलर द्यायचे कबूल केले होते; त्याच्या शेवटच्या हप्त्यासाठी गावच्या १०१ नागरिकांनी बँकेला लिहून दिलेल्या चिठ्ठीवरही लिंकनची सही आहे. चिठ्ठीवर सही करणे काय असते, हे त्याच्याइतके त्या गावात कोणाला ठाऊक असेल?

मग तो खिडकीचा प्रसंग. १८४० च्या ५ डिसेंबरला विरोधकांनी अधिवेशन संपवण्याचा घाट घातला. ते संपले की राज्याच्या बँकेला रोख नाण्यात पैसे द्यावे लागणार, आणि बँक बुडणार. गणसंख्या होऊ नये म्हणून व्हिग सभासद बाहेर राहिले. लक्ष ठेवायला लिंकन, गिलेस्पी आणि ग्रिडली एवढेच आत. पण गणसंख्या भरत आली, दारे बंद झाली. तेव्हा या तिघांनी खिडकीतून बाहेर उडी टाकली! नवे सभागृह अजून पुरे झाले नसल्याने बैठक एका चर्चमध्ये भरली होती. उडी फुकट गेली. हजेरी आधीच लागली होती. विरोधी पत्रांनी लिहिले की लिंकनचे पाय खिडकीतून जमिनीला पोचतच होते, तेव्हा नव्या इमारतीवर एक मजला आणखी चढवावा. या प्रसंगाचा विषय निघालेला त्याला पुढे आवडत नसे.

१८४१ च्या जुलैपासून इलिनॉयने कर्जाचे व्याज देणे थांबवले. रोख्याची किंमत डॉलरला १५ सेंटांच्या आसपास आली. १८४२ मध्ये राज्याची बँक बुडाली, आणि तिच्या नोटा करभरणीत घेऊ नयेत असा हुकूम काढणाऱ्या जेम्स शील्ड्स या राज्याच्या हिशेब अधिकाऱ्याची लिंकनने वर्तमानपत्रात टोपणनावाने अशी रेवडी उडवली की प्रकरण तलवारींच्या द्वंद्वापर्यंत गेले. दोघे नदीपार एका बेटावर गेलेही, पण मध्यस्थांनी मिटवले. त्याच साली लिंकनने विधिमंडळाचा निरोप घेतला आणि नोव्हेंबरात मेरी टॉडशी लग्न केले. १८४० च्या शेवटच्या निवडणुकीत पाच जागांत तो पाचवा आला होता. मतदारांनीही हिशेब ठेवला होताच.

तेराशे मैलांपैकी राज्याच्या हातून धड पुरी झाली ती मेरडोशियापासून स्प्रिंगफील्डपर्यंतची साठएक मैलांची एक लाइन. इंजिन मोडले तेव्हा तिच्यावर गाड्या ओढायला खेचरे जुंपली. १८४७ मध्ये ती लिलावात काढली आणि २१,१०० डॉलरला गेली. मिशिगन सरोवराचा कालवा तेवढा १८४८ मध्ये पुरा झाला आणि त्याने शिकागोचे भाग्य उघडले. कर्ज दीड कोटीच्या घरात गेले होते. राज्याने ते बुडवले मात्र नाही. १८४८ च्या नव्या घटनेत त्यासाठी खास कर बसवला, आणि शेवटची बाकी फिटली ती १८८० च्या सुमारास. लिंकनला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

न्यू सेलम त्याआधीच उठले होते. आगबोटी आल्या नाहीत, जिल्ह्याचे ठाणे पीटर्सबर्गला गेले, आणि १८४० पर्यंत लोक घरेही उचलून तिकडे निघून गेले. आज तिथे दिसतात ती घरे विसाव्या शतकात जुन्या जागांवर पुन्हा उभारलेली आहेत. बेरी-लिंकनचे दुकानही त्यांत आहे. पीटर्सबर्गची आखणी १८३६ मध्ये लिंकननेच केली होती, जेम्स शॉर्टने लिलावात सोडवून दिलेल्या हत्यारांनी. शॉर्टचे दिवस पुढे फिरले, तो दूर कॅलिफोर्नियात जाऊन राहिला. १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, तिथल्या राउंड व्हॅली येथील इंडियनांच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून त्याच्या नेमणुकीचा कागद आला. खाली सही अध्यक्षांची होती.